परातीतलं शेपूट

३ मार्च, सोमवार

माझी परात कपडे धुण्याच्या यंत्राखाली! यंत्र गळकं, आणि ते गळणारं पाणी झेलायला माझी परात! तीस वर्षं मी तिच्यात कथील धुतलं. तिचा काठ माझ्या अंगठ्याने झिजलाय. आणि आता तिच्यात मोज्यांचं पाणी. सूनबाईला विचारलं तर म्हणते, "आई, ती पडूनच होती ना." दुपारी पडून तर मीही असते. मलाही सरकव यंत्राखाली!

घासून काढली. एका बाजूला पोचा आलाय, पण बूड शाबूत आहे. लागणार आहे लवकरच.

ही वही नातीने दिली. कारखान्यातली जुनी नोंदवही, अर्धी कोरी. म्हणाली, "आजी, दिवसभर बडबडतेस ते ह्यात लिही. आईचं डोकं खाऊ नकोस." बरं. मला लिहिता येतं ते पोत्यांवर शिकलेलं. माल कुठला, धुतला कोणी, हे कोळशाने पोत्यावर लिहावं लागायचं. म्हणून अक्षर मोठं आणि वाक्य पोत्यावर मावेल एवढं.

४ मार्च, मंगळवार

मागच्या खिडकीतून राखाडी ढीग दिसतो. डोंगर नाही तो. आम्ही बायांनी केलेला आहे.

खाणीतून दगड यायचा. तो कुटायचा. त्याचं पीठ आम्ही परातीत घालून पाण्याने धुवायचो. कथिलाचे काळे कण जड, ते तळाशी बसतात. बाकीचं हलकं, ते पाण्याबरोबर निघून जातं. एवढंच शास्त्र. हाती लागलं ते पोत्यात, निसटलं ते ढिगावर. आणि निसटायचं किती! मैद्यासारखं बारीक कथील, डोळ्याला दिसायचंच नाही, पाण्यावर स्वार होऊन चाललं. मी तेव्हापासून सांगतेय – अर्धं कथील ढिगात आहे. मुकादम म्हणायचा, "तोंड कमी चालव, परात चालव." मग खाण बंद पडली आणि त्याची परात नि तोंड दोन्ही बंद पडलं.

ऐकलं एकटीने. नातीने. पाच वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून. पुढे तेच शिकली आणि कंपनीला पटवून ढिगाशेजारी कारखाना उभा करवला.

पण अजून सगळं चाचणीवर! मुदत २१ तारीख. ढिगात दहा भाग कथील असेल तर त्यातले सहा पकडून दाखवायचे. दाखवले तर कारखाना राहणार, वाढणार. नाही दाखवले तर यंत्रं उचलून नेणार, आणि ढीग नव्या रस्त्याच्या भरावात घालणार. कायमचा. सध्या पकडतायत साडेतीन.

नात जेवत नाही, ताटात बोटाने आकडे काढते. सून म्हणाली, "कंपनीला शब्द देऊन बसलीस ना?" शब्द तिचा नाही गं बाई. शब्द माझा. तिने फक्त इंग्रजीत सांगितला.

६ मार्च, गुरुवार

आज कारखाना पाहिला! तिथे दिलेले गमबूट न काढताच लिहायला बसले, अक्षर बघा कसं आलंय. बघा म्हणजे कोणी बघायचं? असो.

दुमजली घराएवढ्या उंच घसरगुंड्या. गोल गोल वळत खाली येणाऱ्या. चौसष्ट! दोनदा मोजल्या. वरून पीठ कालवलेलं पाणी सोडायचं. वळणं घेत खाली येताना जड कण आतल्या कडेने चालतात, हलके बाहेरच्या कडेला फेकले जातात. खाली पातं लावलंय, ते दोघांची वाटणी करतं. हात कोणाचाच नाही! मी नातीला म्हटलं, "अगं, ही परातच आहे. उलगडली, पिळली आणि उभी केली." ती म्हणाली, "आजी, हे वाक्य मला आधी का नाही दिलंस? चार महिने साहेबांना समजावत होते."

पुढे हलणारी टेबलं. खाचा पाडलेली, ओली, एका बाजूला झटके देत राहणारी. झटका-झटका-झटका – आणि टेबलाच्या कडेला काळी रेघ सरकत जाते! तीच! माझ्या परातीत शेवटी राहायची तीच काळी रेघ, फक्त इथे ती न थांबता वाहते. मी टेबलाला हात लावून उभीच राहिले. नात म्हणाली, "आजी, बाजूला हो, कपडे अडकतील."

मोठे साहेब भेटले. गळ्यात टाय, पायात गमबूट. म्हणाले, "आजीबाई, तासाला वीस टन धुतो आम्ही."

म्हटलं, "आणि पकडता साडेतीन. एवढं तर आम्ही गप्पा मारत सांडायचो."

साहेबांच्या चेहऱ्यावर कढत चहा प्यायल्यासारखं हसू. नातीने माझा दंड चिमटला.

पण खरी गोष्ट नंतरची. शेवटच्या नळातून जे पाणी बाहेर टाकतात ते पाहिलं. दुधाच्या चहासारखं दाट! चिमटीत धरून चोळलं. बुळबुळीत. साबणच.

मला कळलंय काय झालंय. पण आधी करून बघणार, मग बोलणार. आयुष्यात पहिल्यांदा.

७ मार्च, शुक्रवार

नातीने ढिगातलं एक पोतं वजन करून घरी आणलं. अंगणात टब मांडला. सून बोलत नाहीये. छान शांतता आहे.

८ मार्च, शनिवार

धुतलं!

उकिडवं बसायला गुडघे तयार नाहीत, म्हणून स्टुलावर बसले. सोबतीला भोंगा. परातीवरची माझी जुनी जोडीदारीण. आवाज तेव्हाही भोंग्यासारखा होता, आता कान गेल्यापासून सगळी गल्ली तिचीच. मला 'करवत' म्हणते. तेव्हापासूनच. पहिलाच प्रश्न, "करवते! पाणी गढूळ का गं इतकं?" बघा! बहिरीला दिसलं ते शिकलेल्यांना दिसलं नाही.

कालपासून माल भिजत होता. आज आधी चोळला. दोन्ही तळहातांत, कणीक मळावी तसा. कणांना चिकणमाती चिकटलेली असते, ती सुटेपर्यंत. मग वरचं गढूळ पाणी ओतलं. पुन्हा पाणी, पुन्हा चोळ, पुन्हा ओत. तीनदा. पाणी निवळ झालं तेव्हा कुठे परात हातात घेतली.

हाताला सगळं आठवतं. मला दुकानात जाऊन काय आणायचं ते आठवत नाही, पण हात गेले आपले गोल गोल. आधी चमकी निघाली, अभ्रकाची. ती मेली चमकी! पापुद्र्यासारखी, पाण्यावर तरंगत पहिली पुढे येते. तीस वर्षं केसांत, कानांत, भाकरीच्या पिठात. अंघोळ केली तरी जायची नाही. मुलगा लहानपणी म्हणायचा, "आई, तू चांदण्यांत पडलीस का?" चांदण्या कसल्या, कचरा.

मग राखाडी वाळू. मग तळाशी काळी रेघ, वळून बसलेली. शेपूट! भोंगा ओरडली, "करवते, शेपूट बघ किती लांब!" शेजारचे खिडकीत आले.

दोन पिशव्या भरल्या. पहिलीवर लिहिलं 'डोकं', दुसरीवर 'शेपूट'. खाली 'जुना ढीग' आणि आजची तारीख. नात कारखान्यातच होती, म्हणून तिच्या नमुन्यांच्या खोक्यात मीच ठेवून दिल्या. गढूळ पाणी सुनेच्या फुलझाडांना.

९ मार्च, रविवार

फुलझाडांवरून भांडण. अख्खा दिवस.

१० मार्च, सोमवार

नात घाईत खोकं घेऊन गेली. म्हटलं, "माझ्या पिशव्या आहेत त्यात, तपासून घे." "हो आजी," म्हणाली. बूट घालताना म्हटलेलं 'हो' ते. त्याला काही अर्थ नसतो.

१२ मार्च, बुधवार

कारखाना बंद! आज सकाळी चौसष्टच्या चौसष्ट घसरगुंड्या कोरड्या!

नात दुपारीच घरी आली, चेहरा पांढराफटक. प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याचा अहवाल आला होता. टाकाऊ मालात कथीलच कथील, आणि यंत्रात घालायच्या मालात नावालाही नाही! म्हणजे आपण माल फेकतोय आणि कचरा साठवतोय. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "नळ उलटे जोडलेत का तुम्ही?" मग सकाळभर एकेक नळ उघडून पाहिला. सगळे सरळ.

मी विचारलं, "कुठला माल गं?"

"जुना ढीग, शनिवारचा. हेड नि टेल."

"म्हणजे काय?"

"हेड म्हणजे यंत्रात जातो तो माल, आजी. टेल म्हणजे धुऊन उरलेला कचरा. कामगार त्याला शेपूटच म्हणतात. पिशवीवर तसंच तर लिहिलं होतं! कोळशाने..."

ती थांबली. मी थांबले. सून भाजी चिरत होती, तीही थांबली.

"आजी. कोळशाने कोण लिहितं?"

आता माझी काय चूक? आमच्यात शेपूट म्हणजे माल! सगळं वाहून गेल्यावर परातीत शेवटी मागे राहतं ते शेपूट. डोकं म्हणजे जे सगळ्यात आधी पुढे पळतं – चमकी, वाळू, कचरा. तीस वर्षं आम्ही शेपूट धरलं आणि डोकं फेकलं. ह्यांच्यात सगळं उलटं. शिकलेले लोक डोकं आधी घालतात आणि शेपूट फेकून देतात. मला कोणी सांगितलं होतं का?

सून हसायला लागली. सुरी खाली ठेवून, पदर तोंडात घालून. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका गोष्टीवर हसलो. नात नाही हसली.

शिवाय आणखी एक घोळ. 'डोकं' पाहून चष्मेवाल्याला वाटलं, ढिगाच्या नव्या बाजूचा पहिला माल दिसतोय. त्याने अर्धी पिशवी बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली, सगळं काय काय आहे ते शोधायला. आता परत बोलावता येत नाही म्हणे. जाऊ दे! कचऱ्याला तेवढाच प्रवास.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी चप्पल घातली आणि थेट साहेबांच्या खोलीत. नात मागून, "आजी, मी बोलते, आजी, आजी..."

म्हटलं, "साहेब, पिशव्या माझ्या, अक्षर माझं. नातीला बोलायचं काम नाही."

साहेब म्हणाले, "आजीबाई, तुमच्या एका शब्दापायी माझा एक दिवस गेला."

"तुमच्या चहाच्या पाण्यापायी माझ्या नातीचे दहा गेले!"

चष्मेवाला तिथेच होता. तो मधेच म्हणाला, "साहेब, पण पिशव्या उलट्या धरल्या तर..." आणि कागदावर गणित करायला लागला. पोत्याचं वजन, शेपटाचं वजन, कथील किती. सगळे त्याच्या पेन्सिलीकडे बघत. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दहातले सात पकडलेत ह्यांनी. हाताने."

साहेब खुर्चीत नीट बसले. "कसे?"

आता मला कोण अडवणार! सांगितलं – तुमची घसरगुंडी चांगली, टेबल चांगलं, पाणी वाईट. कणांना चिखल चिकटलाय, तो चोळल्याशिवाय सुटत नाही. आणि सुटलेला चिखल पाण्यात राहिला तर पाणी खिरीसारखं दाट होतं. दाट पाण्यात मोठा खडा बुडेल, बारीक कण बुडेल का? तो लोंबकळत बसतो आणि वाहून जातो. आधी चोळा. गढूळ ओतून द्या. मग धुवा.

नात हळूच म्हणाली, "साहेब, मी पहिल्या महिन्यात भोवरे मागितले होते." भोवरे म्हणजे लोखंडी शंकू. त्यात पाणी गरगर फिरतं, चिखल वरून निघून जातो, कण खालून पडतात. आणलेले आहेत! गोदामात पडलेत.

साहेब म्हणाले, "त्यातून अतिबारीक कथीलही चिखलाबरोबर जाईल. म्हणून नको म्हटलं होतं."

मी म्हटलं, "जाईल. जाऊ दे की! पळणाऱ्या एकामागे धावताना हातातले पाच कशाला सांडता?"

साहेबांनी टायचं टोक चोळलं. मग नातीला म्हणाले, "भोवरे लावा. आणि चोळायचं कशात?"

चोळायचं यंत्र नाही. मागवलं तर यायला दोन महिने. मुदत आठ दिवसांवर!

१४ मार्च, शुक्रवार

सापडलं! रस्तेवाल्यांचे काँक्रीटचे ट्रक! ते पोट फिरवत जातात ते. तीन मिळाले. जो रस्ता ढीग गिळणार, त्याच रस्त्याच्या ट्रकांत ढीग चोळायचा. मी हसून हसून दमले.

१५ मार्च, शनिवार

ट्रकांची पोटं गरागरा फिरतायत. आत माल आणि पाणी, अर्धा तास. मग भोवरे. मग घसरगुंड्या. शेवटच्या नळाचं पाणी – पातळ! पलीकडचा गंज दिसला त्यातून!

आकडा चार पूर्णांक चार.

१७ मार्च, सोमवार

चार पूर्णांक नऊ!! ट्रकवाल्याला अजून चोळ म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, किती?" म्हटलं, "पोरीच्या डोक्याला तेल लावताना आई दमते ना, त्यानंतर पुन्हा तेवढं."

१८ मार्च, मंगळवार

पाच पूर्णांक तीन. नात दोनदा जेवली.

टेबलावरचा कामगार काळी रेघ बघून पातं लावतो, पण लाजत लाजत, आत आत. थोडीशी वाळू आली तर साहेब ओरडतील म्हणून. म्हटलं, "अरे, वाळू आली तर पुन्हा धुता येईल. गेलेलं कथील पुन्हा येईल का?" दोन बोटं बाहेर सरकवायला लावलं. भोंगाला आणलं होतं, ती त्याच्या कानात ओरडली, "करवत सांगते ते ऐक, नाहीतर ती थांबत नाही!" आता तोही बहिरा.

२० मार्च, गुरुवार

पाच पूर्णांक सात! एक दिवस बाकी. सून म्हणाली, "आई, उद्या मीही येऊ का बघायला?" ये म्हटलं. गमबूट माझे देणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

सगळे चष्मेवाल्याच्या दाराशी. साहेब, नात, सून, भोंगा, ट्रकवाले तिघे. तो बाहेर आला. कागद दोन्ही हातांत धरलेला.

पाच पूर्णांक आठ.

भोंगाने विचारलं, "काय? सहा?" तिला हाताने करून दाखवलं.

मी साहेबांना म्हटलं, "दोन दशांश! साहेब, हे तर नखातला मळ आहे."

साहेब म्हणाले, "आजीबाई, मला कळतं. आठ दिवस आणखी मिळाले असते तर सहा झाले असते, हेही कळतं. पण वरच्यांना आकडा हवा होता. आकडा म्हणजे आकडा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

नात रडली नाही. घरी येताना म्हणाली, "आजी, तुझं खरं होतं. ढिगातलं अर्ध्याहून जास्त कथील पकडता येतं." मी म्हटलं, "खरं असून काय उपयोग, रस्त्याखाली जाणार." तिने माझी पिशवी उचलली. मी उचलू दिली. एरवी देत नाही.

सोमवारी रस्त्याचे ट्रक भराव न्यायला येणार. ढीग चोळला तेच ट्रकवाले.

२२ मार्च, शनिवार

परात यंत्राखाली ठेवली. मीच.

२४ मार्च, सोमवार

ट्रक आले आणि रिकामे परत गेले!

बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. माझ्या 'डोक्या'चं! चमकीत लिथियम आहे. मोबाईलच्या नि गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते. थोडंथोडकं नाही. ढिगाची तपासणी आजवर फक्त कथिलासाठी व्हायची. 'सगळं शोधा' असं एकाच पिशवीच्या नशिबी आलं, तेही माझ्या चुकीने. साहेबांना वरून हुकूम आहे – ढिगाच्या एका घमेल्यालाही हात लावायचा नाही, कारखाना राहणार, नात राहणार, कथील आणि चमकी दोन्ही काढायची.

तीस वर्षं मी डोकं फेकत होते आणि शेपूट धरून बसले होते! केसांतून झटकत होते. नात इतकी हसली की जमिनीवर बसली.

सूनबाईने न सांगता परात आणून दिली. यंत्राखाली आता बादली आहे.

उद्या साहेब घरी येणार आहेत, ढिगात चमकी कुठल्या बाजूला जास्त पडली ते विचारायला. पोरीला सगळं माहीत आहे, मांडीवर बसून ऐकलंय. दारावर कोळशाने लिहून ठेवलंय – डोक्याचं काही विचारलं तर नातीने उत्तर द्यायचं. शेपटाचं असेल तरच मला हाक मारायची.